साहित्य आणि कृती

१

कोणतीही मराठी पाककृती उघडली की तिचे दोन भाग दिसतात: साहित्य आणि कृती. साहित्य शिकविण्यावर ज्यांचे पोट चालते अशा आम्हां मंडळींना या योगायोगाचे नेहमीच कौतुक वाटत आले आहे. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून वाटी-चमच्याच्या मापाने जेवढे 'साहित्य' मराठी घरांत पोहोचविले तेवढे आमच्या अभ्यासक्रमातल्या किती ग्रंथांना जमले असेल, हा प्रश्न चर्चासत्रात विचारण्याची सोय नाही. असो.

गेल्या काही वर्षांत या दोन भागांना एक तिसरा, न छापलेला भाग येऊन चिकटला आहे. तो म्हणजे नीती. दूध, दही, तूप, मध, अंडी यांसह सर्व प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य करणारा व्हीगन स्वयंपाक, प्राण्यांवर चाचण्या न केलेले साबण, शांपूऐवजी रिठे-शिकेकाई, भांड्यांना काथ्या, ओल्या कचऱ्याचे गच्चीवर खत. या सर्वांविषयी मराठीत आता भरपूर लिहिले जाते, आणि त्यातले बरेचसे लेखन प्रांजळ असते. 'क्रौर्यमुक्त' आणि 'निसर्गस्नेही' ही त्या लेखनाची दोन आवडती विशेषणे आहेत. या लेखात आमचे भांडण आहे ते या दोन विशेषणांशी.

काही महिन्यांपूर्वी आमच्या महाविद्यालयात याच विषयावर एका पाहुण्यांचे व्याख्यान झाले. वक्ते अभ्यासू होते, बोलणे रसाळ होते. मध्येच त्यांनी पडद्यावर एक छायाचित्र दाखविले: कुडाची सारवलेली भिंत, चूल, तव्यावर नागलीची भाकर आणि पळसाच्या पानावर कसलीशी हिरवी रानभाजी. आपले आदिवासी हेच या मातीतले मूळचे व्हीगन आहेत, असे ते म्हणाले. टाळ्या झाल्या. तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या वर्गातली एक मुलगी उभी राहिली. ती मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याकडची. ती एवढेच म्हणाली, "सर, या दिवसांत भाजीबरोबर खेकडे असतात. फोटोत नाहीत." वक्ते हसून म्हणाले की अपवाद सगळीकडेच असतात. पुढचे छायाचित्र आले.

फोटोत न आलेल्या त्या खेकड्यांनी आम्हांला हा लेख लिहायला भाग पाडले आहे.

२

प्रथम जे मान्य करायचे ते मोकळेपणाने मान्य करू. व्हीगन विचाराची टिंगल करणे हा आमचा हेतू नाही. तशी टिंगल मराठीत पुरेशी झाली आहे आणि ती बहुधा मटणाच्या ताटावरून किंवा तुपाच्या वाटीवरून केली जाते. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये शाकाहारासाठीच्या इंग्रजी शब्दाची आद्य व अंत्य अक्षरे घेऊन 'व्हीगन' हा शब्द घडविला तो एका साध्या तार्किक अडचणीतून. मांस हिंसक म्हणून सोडले, तर दूध कोणत्या न्यायाने चालते?

ही अडचण आपल्याकडेही नवी नाही. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते. पुढे १९१८ च्या गंभीर आजारपणानंतर, व्रत घेताना मनात गायी-म्हशीचेच दूध होते, असा शब्दार्थ काढून त्यांनी शेळीचे दूध घेतले; आणि आपण व्रताचा शब्द राखला पण त्याचा आत्मा गमावला, अशी कबुली आत्मकथेत दिली. अर्थनिर्णयनाचा इतका प्रामाणिक नमुना आम्हांला दुसरीकडे क्वचितच आढळला आहे.

दुधाचा हिशेब खरोखरच वाईट आहे. म्हैस दूध देत राहावी म्हणून ती व्यावी लागते. रेडकू झाले तर दुधाच्या धंद्यात त्याला जागा नसते. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने गोवंशातल्या बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैसवर्ग त्या बंदीबाहेर राहिला. म्हणजे गायीचे गोऱ्हे रस्त्यावर आणि म्हशीचे रेडकू कसायाकडे, ही वाटणी आपल्या श्रीखंडाच्या वाटीमागे उभी आहे. हॉटेलाच्या दारावर 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी लावून आत पनीर शिजविणाऱ्या संस्कृतीला व्हीगनांनी विचारलेला प्रश्न बिनतोड आहे. त्या प्रश्नापुरते आम्ही त्यांच्या बाजूला उभे आहोत.

शिवाय दुधाविना स्वयंपाक म्हणजे उपासमार, हेही खरे नाही. पिठले-भाकरी, भरली वांगी, कटाची आमटी, ठेचा, तेलाची फोडणी दिलेली उसळ, नारळाच्या दुधातली सोलकढी: मराठी जेवणाचा मोठा भाग गोठ्याकडे न पाहता शिजतो. वेष्टनावर बदामाच्या किंवा सोयाच्या पेयाला 'दूध' म्हणू नये, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये बजावले. पण नारळाचे दूध मराठीत कितीतरी पिढ्या वाहते आहे. व्हीगन खाद्यपदार्थांसाठी २०२२ मध्ये स्वतंत्र नियम व चिन्हही आले. ठीकच झाले.

आमचा आक्षेप सुरू होतो तो यानंतर. 'क्रौर्य' या शब्दाखाली वासरू येते हे पटले. पण मग त्या शब्दाखाली आणखी कोण येते, हे विचारायचे की नाही?

३

एक जुनी गोष्ट सांगतो. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' आमच्यापैकी अनेकांनी पाठ्यपुस्तक म्हणून वाचले आहे आणि परीक्षेनंतर विसरलेही आहे. १९४५ च्या वारली उठावाची ती हकीकत. वेठ आणि लग्नगडी यांच्याविरुद्ध वारली उभे राहिले हे विद्यार्थ्यांच्या लक्षात असते. मात्र त्या वर्षीच्या मोठ्या संपातली मागणी गवत कापण्याच्या मजुरीची होती, हे फारसे कोणाला आठवत नाही. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, हा दर वारल्यांनी मागितला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि त्यात माणसे मेली. ठाणे जिल्ह्यातले हे गवत मुंबईच्या बाजारात जात असे, तिथल्या जनावरांसाठी.

म्हणजे मुंबईच्या दुधाच्या पेल्यात वासराच्या बरोबरीने गवत कापणारी माणसेही होती. व्हीगन हिशेबात वासरू दिसते, गवत कापणारा दिसत नाही. दूध सोडले की वासराचे देणे फिटते; त्या माणसाचे देणे फिटत नाही, कारण तो आता गवताऐवजी दुसऱ्याच कोणत्या तरी वस्तूतून आपल्या घरात आलेला असतो. आमचे म्हणणे थोडक्यात इतकेच आहे. ते सिद्ध करण्यासाठी वारली उठावाच्या मुलखाला लागूनच असलेल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात, त्या मुलीच्या गावाकडे जावे लागेल.

४

पोशेरा आणि त्याच्या आसपासचा मुलूख वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी यांचा. पूर्वी हा ठाणे जिल्हा. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर. येथली शेती बरीचशी डोंगरउताराच्या वरकस जमिनीवरची: नागली, वरई, उडीद, खुरासनी, आणि सखल तुकडा असेल तिथे भात. उन्हाळ्यात पालापाचोळा, फांद्या, गवत आणि शेण पसरून राब भाजायचा, पहिल्या पावसात त्यावर नागली पेरायची, रोपे हाताएवढी झाली की उतारावर आवणी करायची. भाद्रपद-आश्विनात खुरासनीची पिवळी फुले माळ झाकून टाकतात. शहरातले हौशी प्रवासी ती पाहायला जातात आणि तिचे तेल निघते हे पुष्कळदा त्यांच्या गावी नसते.

घरातले जेवण म्हणजे नागलीची भाकर, उडदाचे वरण किंवा आमटी, खुरासनीची चटणी, वरईचा किंवा तांदळाचा भात. पावसाळ्यात रानातून शेवळे, कोळीची भाजी, टाकळा, कुर्डू, करटोली, बांबूचे कोवळे कोंब. शेवळे घशाला खाजतात म्हणून त्यांत आंबट घालावे लागते. कडूकंद तर तसाच खाताच येत नाही. चकत्या करून राखेत उकडायच्या, मग रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा त्याचा कडवटपणा उतरतो. चहा कोराच. गाय असते ती मुख्यतः शेणासाठी आणि बैलासाठी. भिंती कारवीच्या कुडाच्या, जमीन शेणाने सारवलेली, पत्रावळ पळसाची, कणगी बांबूची. फेकून द्यावे असे घरात काही येतच नाही, म्हणून कचऱ्याचा प्रश्न पडत नाही.

व्याख्यात्यांनी पाहिले ते हे, आणि जे पाहिले ते खोटे नव्हते. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते; तेवढ्याच गायीच्या दुधात सुमारे एकशेवीस. दुधावाचून हाडे कशी होतील असे विचारणाऱ्यांना या एका आकड्याने गप्प करता येते. व्हीगन मंडळींनी तो जरूर वापरावा.

पण त्याच घरात पहिल्या पुराबरोबर वलगणीचे मासे येतात, ओहोळातले खेकडे येतात, सणाला कोंबडी येते. राबात शेण असते, भिंतीवर शेण असते, नांगराला बैल असतो. व्हीगन व्याख्येच्या चाळणीतून हे घर गाळले तर खाली काय उरेल? शेण प्राणिजन्य म्हणून सारवण बाद; बैलाचे श्रम हे शोषण म्हणून नांगर बाद; खेकडा तर बादच. आणि निसर्गस्नेहाच्या चाळणीतून गाळले तर हेच घर पहिल्या क्रमांकाने उतरेल. शहरातल्या लेखांत 'क्रौर्यमुक्त' आणि 'निसर्गस्नेही' ही विशेषणे जुळ्या बहिणींसारखी हात धरून येतात. पोशेऱ्यात त्यांचे एकमेकींशी पटत नाही. कातड्याऐवजी रेक्झीनची पिशवी घेतली तर जनावर वाचते आणि प्लॅस्टिक वाढते, ही अडचण शहरातलीच आहे. पण तिच्यावर लिहिताना आमच्या लेखकांची लेखणी एरवीइतकी सरसर चालत नाही.

छायाचित्रातून खेकडा कापला जातो तो यासाठी. खेकडा ठेवला तर विशेषणे सांभाळता येत नाहीत. आदिवासी घर हे जिवंत माणसांचे घर म्हणून नको असते. आपल्या मताला मातीतला पुरावा म्हणून हवे असते. साहित्याच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की आपल्या मताला सोयीच्या ओळी उचलून उरलेल्या ओळी दडविणे याला टीका म्हणत नाहीत. तोच नियम ताटालाही लागू करावा.

५

आता वाटेचा हिशेब. पाककृतीतले 'साहित्य' नेहमी ओट्यापासून सुरू होते: 'दोन वाट्या अमुक घ्यावे.' कोठून घ्यावे, कोणाकडून घ्यावे आणि ते त्याच्याकडे उरले आहे काय, हे प्रश्न पाककृतीच्या व्याकरणात बसत नाहीत. नीतीचा दावा न करणाऱ्या पाककृतीला आम्ही हे विचारणार नाही. जी पाककृती स्वतःला क्रौर्यमुक्त म्हणवते तिला मात्र विचारू.

बदाम घ्या. जगातल्या बदामांपैकी सुमारे चार-पंचमांश बदाम एकट्या कॅलिफोर्नियात पिकतात, आणि त्यांच्या बहराच्या वेळी परागीभवनासाठी मधमाश्यांच्या पेट्या ट्रकमध्ये भरभरून दूरदूरच्या राज्यांतून तिथे नेतात. मध वर्ज्य करणाऱ्या घरात बदामाचे पेय चालते, याची मौज वाटून घेऊन पुढे जाऊ. कारण बदामापेक्षा ते भिजविण्याचे पाणी आमच्या विषयाला अधिक जवळचे आहे.

मुंबईच्या स्वयंपाकघरातले ते पाणी येते कोठून? बराचसा वाटा वैतरणेच्या खोऱ्यातून. १९५७ चा मोडकसागर, १९७३ ची अप्पर वैतरणा, आणि २०१४ पासून मध्य वैतरणा. यातले मध्य वैतरणेचे धरण मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मुंबई महानगरपालिकेने बांधले; उंची शंभर मीटरहून अधिक, आणि रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मुंबईला देण्यासाठी त्याची योजना झाली. त्याच मोखाड्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो, आणि उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर टँकर फिरतात. टँकर येईल तेव्हा बाया हंडे घेऊन धावतात; येणार नाही तेव्हा कोरड्या विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. तीच वाटी, जी आपल्या पाककृतीतले माप आहे.

स्वयंपाकघराच्या भिंतीकडेही पाहू. दिवाळी झाली, भात-नागली घरात आली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात: भिवंडी, कल्याण, वसई, वाडा. आधी उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ मध्ये झाला; उचल मात्र अजून फिटायची आहे. होळीला काही दिवस घरी, पुन्हा भट्टी, आणि पावसाच्या तोंडाला परत. पोरे बरोबर असतात. त्या महिन्यांत शाळा सुटते, अंगणवाडी सुटते. त्यांनी थापलेल्या विटांच्या आत बसून आपण क्रौर्यमुक्त जेवणाचे लेख लिहितो.

आणखी एक वस्तू आहे, आणि ती थेट ताटातली आहे. वरई. शहरात तिचे नाव भगर किंवा वऱ्याचे तांदूळ. ती उपासाला चालते, कारण ती 'धान्य' धरली जात नाही. ज्यांचे ते रोजचे अन्न आहे त्यांच्या ताटाला आपल्या शास्त्राने अन्नातच गणलेले नाही, हा शब्दार्थाचा विनोद कोणाच्या ध्यानी येत नाही. श्रावणात शहरांतून वरई आणि शेंगदाण्याच्या आमटीचा उपास साजरा होतो. आषाढ-श्रावणातच डोंगरात जुनी नागली-वरई संपलेली असते, नवी यायला दोन-तीन महिने असतात आणि कणगीचा तळ दिसू लागतो. उपास दोन्हीकडे घडतो. पुण्य एकीकडेच जमा होते.

६

कोणी म्हणेल, हा सगळा शब्दांचा कीस झाला. त्याने बिघडते कोणाचे? बिघडते, आणि ते मोजता येते.

१९९२ च्या सुमारास जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी येथे शंभराहून अधिक बालके कुपोषणाने आणि त्यापाठोपाठ येणाऱ्या आजारांनी दगावली. त्या नावांनी काही काळ महाराष्ट्राची झोप उडाली होती. २०१६ च्या पावसाळ्यात जव्हार-मोखाडा पुन्हा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले तेही बालमृत्यूंमुळेच. नागलीत एवढे कॅल्शियम, रानात एवढ्या भाज्या, मग मुले का मरतात? कारण वरकस जमिनीचा तुकडा वर्षभर पुरत नाही; रेशनचा पांढरा तांदूळ पोट भरतो पण नागलीची जागा भरून काढत नाही; आई पोटुशी असताना भट्टीवर विटा वाहते; आणि दीड वर्षाच्या मुलाच्या मुठीएवढ्या पोटात पातळ पेज कितीही ओतली तरी त्याला हवी तेवढी शक्ती आणि प्रथिने मावत नाहीत. थोडक्या घासात पुष्कळ पोषण, अशी वस्तू त्या मुलाला हवी असते. अंडे ही अशी वस्तू आहे. त्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि ब-१२ जीवनसत्त्व असते, जे वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. शहरातला व्हीगन त्याची गोळी घेतो, आणि घ्यावीच. डोंगरात ती गोळी म्हणजे खेकडा, वलगणीचा मासा आणि अंडे.

महाराष्ट्र सरकारने २०१५ पासून अनुसूचित क्षेत्रांत अमृत आहार योजना सुरू केली: गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण, पुढे लहान मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळे. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळांच्या पोषण आहारातही आठवड्यातून एक अंडे द्यायचे ठरले. न खाणाऱ्यांना केळे. लगेच आक्षेप आले: शाळेत अंडे नको, मुलांच्या भावना दुखावतात, संस्कार बिघडतात. जानेवारी २०२५ मध्ये शाळेतल्या अंड्यासाठीचा सरकारी निधी थांबला. हवे असेल तर लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. मोखाड्याच्या पाड्यावर लोकवर्गणी कोण काढणार, हे विचारण्याची गरज नाही.

हा निर्णय व्हीगनांनी घडविला असे आम्ही म्हणत नाही. अंड्याला विरोध करणारे बहुतेक जण दूध-तूप आनंदाने खाणारे होते. त्यांचा कैवार प्राण्यांचा नसून सोवळ्याचा होता. आमची तक्रार आहे ती त्या वेळच्या शांततेविषयी. बदामाच्या पेयावर पानेच्या पाने लिहिणाऱ्या आमच्या मित्रांपैकी किती जणांनी जाहीरपणे म्हटले, की आमच्या अहिंसेचा या विरोधाशी संबंध नाही, पोशेऱ्याच्या मुलाच्या तोंडचे अंडे आमच्या नावाने काढू नका? आम्ही कान देऊन होतो. आम्हांला तरी असा आवाज ऐकू आला नाही. सोवळे आणि अहिंसा यांत फरक आहे असे मानणाऱ्यांनी तो फरक जेव्हा सांगायचा असतो तेव्हा सांगितला नाही, तर लोकांनी दोन्ही एकच धरावीत यात लोकांचा दोष नाही.

७

प्रतिपक्ष दोन-तीन उत्तरे देईल. त्यांना सामोरे जाणे भाग आहे.

पहिले उत्तर: आम्ही आदिवासींना काही सोडायला सांगत नाही, आमचे आवाहन ज्यांना निवड आहे त्यांनाच आहे. हे उत्तर चांगले आहे, आम्हांला मान्य आहे. पण मग आदिवासी घराचे छायाचित्र व्याख्यानात का? ज्याला आवाहन नाही त्याचा दाखलाही नको. दाखला हवा असेल तर खेकड्यासकट घ्या.

दुसरे उत्तर: पिंजऱ्यातल्या कोंबडीचे हाल तुम्हांला दिसत नाहीत काय? दिसतात. कागदाच्या पानाएवढ्या जागेत जन्म काढणाऱ्या कोंबडीचे अंडे निष्पाप आहे असे कोणीही म्हणू नये. मग पाड्यावरच्या गावठी कोंबड्यांची अंडी सरकारने तिथल्या बायांकडून रोख भावाने विकत घ्यावीत, अशी मागणी करा. कोंबडी मोकळी राहील, पैसा पाड्यात राहील, अंडे मुलाला मिळेल. त्या मागणीवर आम्ही पहिली सही करू. केवळ 'अंडे नको' एवढीच मागणी करणाऱ्याला मात्र कोंबडीचा कळवळा आहे असे आम्ही समजणार नाही.

तिसरे उत्तर अधिक चतुर आहे: सगळ्या जगाचे अन्याय एका ताटाने कसे निवारायचे? माणसाने एक काहीतरी धरावे. आम्ही प्राणी धरले. यावर आमचे म्हणणे असे, की जरूर धरा. पण मग विशेषणही तेवढेच धरा. 'प्राणिजन्य पदार्थ नसलेले' म्हणा. 'क्रौर्यमुक्त' म्हणू नका. मराठीत 'मुक्त' हा प्रत्यय फार स्वस्त झाला आहे. हागणदारीमुक्त, टँकरमुक्त, कुपोषणमुक्त: मोखाड्याने हे सर्व प्रत्यय फलकांवर वाचले आहेत आणि वाचून झाल्यावर पाण्याला गेले आहे. आमच्या स्वयंपाकघरांनी त्या यादीत आणखी एका शब्दाची भर घालू नये.

मग करायचे काय? आमची मागणी फार मोठी नाही. जो नीतीचा दावा करतो त्याने 'साहित्य' या शीर्षकाखाली आणखी एक ओळ लिहावी: कोठून आले. नागली लिहिली तर ती कोणत्या डोंगरातली आणि पिकविणाऱ्याला काय मिळाले ते लिहावे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष झाले, नागलीला 'श्री अन्न' अशी पदवी मिळाली, शहरातल्या दुकानांत तिची बिस्किटे आली. पदवीचा पैसा वरकसापर्यंत पोहोचला काय, हे विचारावे. रानभाजी लिहिली तर रान कोणाचे, हेही लिहावे; २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ज्यांचा हक्क मान्य केला त्यांना तो प्रत्यक्षात मिळाला आहे का, हे त्या भाजीच्या चवीत धरावे. पाणी लिहिले तर वैतरणेचे नाव घ्यावे. आणि जे लिहिता येत नाही, म्हणजे जिथे हिशेब जुळत नाही, तिथे गांधीजींनी शेळीच्या दुधाबाबत केले तसे करावे: जुळत नाही असे लिहावे.

आमच्या व्यवसायबंधूंसाठी एक वेगळा शब्द. खाद्यसंस्कृती हा आता अभ्यासविषय झाला आहे, आणि ते चांगलेच आहे. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकावर लिहिलेल्या पुस्तकाला 'अन्न हे अपूर्णब्रह्म' असे नाव दिले, तेव्हा एका 'अ'ने केवढे काम होते हे आपण पाहिले. तसे पोशेऱ्याचे पुस्तक अजून व्हायचे आहे. ते आम्ही लिहू नये. आम्ही फार तर कागद पुरवावा आणि शुद्धलेखनाच्या तांबड्या शाईने त्यातले खेकडे खोडू नयेत.

त्या व्याख्यानानंतर आम्ही त्या विद्यार्थिनीला म्हटले की महाविद्यालयाच्या वार्षिकासाठी तू तुमच्याकडची एक पाककृती लिहून दे. तिने कडूकंदाची दिली. संपूर्ण वनस्पतिजन्य, कोणाही व्हीगनाला चालेल अशी. दोन शीर्षके तिने रीतसर घातली होती. 'कृती'खाली राख, उकड, वाहते पाणी, एक रात्र. 'साहित्य'खाली पहिली ओळ अशी होती: 'कंद, चार-पाच, रानात मिळाले आणि आणताना कोणी अडवले नाही तर.' आणि शेवटची: 'पाणी, ओहोळाला असेल त्या दिवसांत.'

संपादक मंडळातल्या एका सदस्याने या दोन्ही ओळींपुढे प्रश्नचिन्ह केले होते. पाककृतीत हे बसत नाही, असे त्यांचे म्हणणे. आम्ही ते प्रश्नचिन्ह खोडले. मजकूर जसाच्या तसा छापायला गेला आहे.